लाभ धरून सात

दवनीवाड्याच्या बाजारओळीत योगराज पटलेच्या दुकानाला पाटी नाही. जिथे एक माणूस डोळ्याला भिंग लावून, रस्त्याकडे पाठ करून, मांडीवर काहीतरी बारीक घेऊन बसलेला दिसेल, ते दुकान त्याचे. पाठ रस्त्याकडे, कारण उजेड मागच्या खिडकीतून येतो. गिऱ्हाईक आले की तो आधी बोट वर करतो, म्हणजे थांबा. आणि हातातला सोल्डरचा टाका पुरा झाल्यावरच मान वळवतो. या बोटापुढे सरपंच थांबले आहेत. एकदा वरातीचा भोंगा बंद पडला तेव्हा घोड्यावरचा नवरदेवही थांबला होता.

त्याचा बाप गुलाबचंद मापारी होता. खळ्यावर धानाची रास लागली की आसपासच्या गावांतून त्याला बोलावणे यायचे आणि तो कुडोने, म्हणजे धान मोजायच्या लाकडी मापाने, रास मोजून द्यायचा. त्याच्या मोजणीवर कुणी शंका घेतली नाही. पुढे वजनकाटे आले, धान कट्ट्यांत, म्हणजे पोत्यांत, भरून काट्यावर चढू लागले आणि कुडो घरातल्या फळीवर चढला. योगराजने चौदाव्या वर्षी बापाचा रेडिओ उघडला, तो परत बंद केला तेव्हा एक स्क्रू उरला होता आणि रेडिओ पहिल्यापेक्षा बरा वाजत होता. तेव्हापासून तो उघडतोच आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग पंपांचे स्टार्टर, मग डिशचे डबे. आता त्याचे वय बावन्न आहे.

सहा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका संस्थेने नागझिऱ्याच्या कडेच्या चौदा गावांत चौदा पेट्या बसवल्या. पहाटे बायका मोहफुले वेचायला निघण्याआधी, तीच फुले खायला आलेले अस्वल मोहाच्या झाडांखाली उभे आहे की नाही, हे त्या पेट्यांनी पाहायचे होते. झाडावर अंधारात पाहणारा कॅमेरा, तिथून जाड तार गावातल्या एका घरापर्यंत, त्या घराच्या भिंतीवर छोटा पडदा असलेली पेटी आणि दारावर दोन दिवे. झाडांखाली मोठे जनावर असले की लाल, नसले की हिरवा. त्या पेट्या बिघडल्या तर न भिता उघडणारा माणूस संस्थेला हवा होता. कुणीतरी योगराजचे नाव सांगितले.

संस्थेची टीना नावाची इंजिनिअर मुलगी दुकानात आली आणि तिने त्याच्या तळहातावर एक हिरवा बोर्ड ठेवला. पत्त्यांच्या जोडाएवढा.

"हे त्या पेटीतलं काय आहे?" योगराजने विचारले.

"सगळंच काका. पूर्ण कॉम्प्युटर आहे हा. यावर लिनक्स चालतं."

योगराजने हात हलवला नाही. दोन माणसांनी उचलायचे टीव्ही त्याने पोटाशी धरून दुरुस्त केले होते. हा बोर्ड त्याला हातावर जाणवतही नव्हता. त्याने भिंग लावले आणि पाहत राहिला. शेतांतून वाटा जाव्यात तशा तांब्याच्या रेषा, कुठे दाट, कुठे विरळ, एकही दुसरीला न तुडवता गेलेली. चहा आला, निवला. टीना पुढचे काय काय सांगत होती. त्याने बोट वर केले.

मग तो शिकला. फोनवर हिंदी व्हिडिओ लावायचे आणि दोनशे पानी वहीत हुकूम उतरवायचे, इंग्रजी अक्षरात आणि त्याखाली देवनागरीत. लिनक्सला, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या त्या प्रणालीला, मालकाच्या अधिकाराने काही सांगायचे असेल तर हुकमाच्या आधी एक शब्द टाकावा लागतो, तो त्याने वहीत ‘सुडो’ असा लिहिला. बायको सुशिलाबाईने ती वही एकदा वाचली.

"बाप कुडो घेऊन फिरे," ती म्हणाली, "पोरगा सुडो घेऊन फिरून राहिला. खानदानच मोठं हाये."

योगराज हसला, पण त्याने तो शब्द पुढे कधी हलक्या हाताने लिहिला नाही.

चौदा पेट्यांपैकी अकरा त्याने कधी ना कधी मरता मरता परत आणल्या होत्या. कुठे पाल शिरून भाजली होती, कुठे मुंग्यांनी घर केले होते, कुठे कार्ड खराब झाले होते. नखाएवढ्या त्या कार्डातच पेटीची सगळी अक्कल असते. आणि सहा वर्षांत त्याने एक गोष्ट केली नव्हती: हात न लावता कोणत्याही बोर्डाला निकामी म्हटले नव्हते.

यंदा चैत्र लागायच्या सुमारास, गुरुवारी सकाळी, पिपरटोल्याहून फोन आला. पिपरटोल्याची पेटी मंगलीच्या घरी आहे. मंगली गोंडांची, पन्नाशीची, जंगल खात्याच्या रोपवाटिकेत कामाला जाणारी. तिला लिहितावाचता येत नाही, पण पेटीचा पडदा पुसणे, बॅटरीचे पाणी पाहणे, दिवा पाहून बायकांना निघा की थांबा सांगणे, हे सगळे तिच्याकडे. आणि ते तिच्याकडे का, हे गावात कुणाला सांगावे लागत नाही. पेट्या बसायच्या आदल्या वर्षी मोहाखाली तिला अस्वलाने धरले होते. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. अंबाडा ती एका हाताने बांधते.

"भाऊ जी," मंगली म्हणाली, "दिवा गेला. लाल बी नाई, हिरवा बी नाई."

"झाकन काढ. आतमंदी लाल बत्ती दिसते का?"

"हाव, ते हाये. हिरवी डोरा मारून राहिली. मारते, मारते, मंग थांबते. मंग अजून मारते."

योगराजला हायसे वाटले. बोर्ड पूर्ण मेला तर डोळाही मारत नाही. उठता येत नसेल तर तो हिरव्या दिव्याने आपले दुखणे मोजून सांगतो, ठराविक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तितक्याच वेळा. त्याची यादी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली आहे. चार वेळा म्हणजे सुरुवातीचीच फाइल सापडत नाही. सात वेळा म्हणजे कार्ड दिसते आहे, पण त्यातली मुख्य फाइल सापडत नाही. आठ वेळा म्हणजे बोर्डाची मेमरी गेली, आणि ती गेली की काही उपाय नाही. मुक्या जनावराने पायाचा काटा दाखवावा तसे ते लुकलुकणे योगराजला वाटे. तोंड नाही, तरी सांगतो.

"मोज," तो म्हणाला. "घाई नोको करू. एका थांबन्यापासून दुसऱ्या थांबन्यापर्यंत."

बराच वेळ फोनमध्ये फक्त कोंबड्या ऐकू आल्या.

"सहा," मंगली म्हणाली.

"पुन्हा मोज."

"सहाच."

"अजून एक खेप."

"भाऊ, तुमी मले दिवसभर मोजाले लावलं तरी ते सहाच होईन. मोजता येते मले."

यादीत सहा नव्हते. योगराजने वही काढली, फोनवर शोधले, परदेशातल्या लोकांनी लिहिलेले अडखळत-अडखळत वाचले. चार, सात, आठ, नऊ सापडले. सहा कुणालाच भेटले नव्हते. त्याने शुक्रवारी पुन्हा फोन केला, शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा. मंगलीने सांगितले, सहा. तिसऱ्या वेळी तिच्या आवाजात राग होता.

त्याने टीनाला विचारले. टीनाने आपल्याकडची यादी पाहिली आणि म्हणाली, "काका, सहा नाहीच आहे. जे यादीत नाही ते बोर्डाचंच काहीतरी गेलं असं धरतात. तुम्ही निकामीचा फॉर्म भरून द्या. सोमवारी दुपारपर्यंत सही आली तर पेटी परत मागवते."

"आन् नवी?"

"पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर मोहा पडत नाई, बेटा."

"मला माहीत आहे, काका," टीना म्हणाली, आणि ती खरेच वाईट वाटून म्हणाली.

फॉर्म फोनवर आला होता. चार ओळी आणि खाली त्याचे नाव. योगराज शुक्रवारी जेवताना त्याच्याकडे पाहत होता. मंगलीने संध्याकाळी फोन ठेवता ठेवता सांगितले होते की मोहा पडून राहिला आहे आणि बायका आता एक-दोन दिवसच थांबतील. पडलेले फूल सकाळी वेचले नाही तर हरणे आणि गुरे खातात. दिवा बंद असला तरी त्या निघणार. आणि पुढे मंगली चालणार, कारण दिवा तिच्या घरचा.

शनिवारी सकाळी त्याने लॅपटॉप, मीटर, चांगले भरलेले एक कार्ड आणि वही पिशवीत टाकली आणि मोटारसायकल काढली. तिरोड्याच्या पुढे बोदलकशाच्या तलावावर नावा काठाला लागल्या होत्या, मासळीचे सौदे चालले होते. त्याने एरवीसारखी गाडी थांबवली नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. जे यंत्र सगळ्या जगात चार, सात, आठ, नऊ बोलते, ते पिपरटोल्यात सहा का बोलेल. यंत्र खोटे बोलत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मंगलीही खोटे बोलत नव्हती. मग मधे काय होते?

पिपरटोल्यात शिरताच मोहाचा वास अंगावर आला, गोड, जड. मंगलीच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, शेजारची धुरपताबाई टोपली विणत बसली होती. तिने पिशवी पाहिली.

"आला बाप्पा डाक्टर," ती म्हणाली. "दोन दिवसापासून पेशंट डोरा मारून राहिला आन् डाक्टर फोनवरूनच नाडी पाहून राहिला."

"नाडी सहा सांगे, धुरपताबाई. अशी नाडी मी पाह्यली नाई."

"उद्या पहाटे आमी निघतो. नाडी असो का नसो. सांगून ठेवते."

मंगली आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पुढे मी राहीन," ती म्हणाली, जसे भाजीत मीठ टाकीन म्हणावे. "अस्वलानं मले एकदा चाखलं हाये. त्याले माहीत हाये, बेचव हाये."

धुरपताबाई हसली. योगराज हसला नाही.

तो पेटीकडे वळला. पेटी सपरीच्या भिंतीवर होती आणि तिच्या खाली भिंतीत एक कोनाडा होता. त्या कोनाड्यात चिंचोके मांडले होते. ओळीने. वरून खाली नऊ-दहा ओळी, इतक्या सरळ की हाताने नाही, सुतळीने आखल्यासारख्या.

"हे काय हाये?"

"तुमीच तं सांगतलं होतं मोजाले," मंगली म्हणाली. "मी सकाळी दोन-तीन खेपा मोजे, सांजेले बी मोजे. एका खेपेची एक लाइन. सपरीत उजेडानं डोरा दिसे नाई, तं डोक्यावरून घोंगडी घेऊन मोजे. चुकली असं कोनी म्हनू नये."

योगराज खाली वाकला. त्याने भिंग काढले, गरज नसताना. प्रत्येक ओळीत सहा चिंचोके होते. आणि प्रत्येक ओळीच्या डोक्याशी, दोन बोटे अंतर सोडून, एक चिंचोका वेगळा ठेवलेला होता.

"हा कोनाचा?" त्याने वेगळ्या चिंचोक्यावर बोट ठेवले.

"तो लाभाचा."

"म्हंजे?"

"म्हंजे काय जी. मोजाले बसलं तं पहिला लाभाचा. तो आपला नाई, देवाचा. त्याले मोजत नाई. त्याच्या मंग एक, दोन. माह्या मायचं असंच हाये. मोहा मोजला, धान मोजलं, कोंबडीचे पिल्लं मोजले, तरी पहिला बाजूले."

योगराज जमिनीवर बसला. 

त्याला खळे दिसले. पौषातली सकाळ, धानाची पिवळी रास, राशीच्या टोकावर ठेवलेले झेंडूचे फूल आणि उकिडवा बसलेला बाप. बाप पहिला कुडो भरायचा, काठावरून हात फिरवून सपाट करायचा आणि म्हणायचा, ‘लाभ’. एक म्हणायचा नाही. सगळे खळे गप्प व्हायचे. मग दुसऱ्या मापाला दोन, तिसऱ्याला तीन. बापाचा लाभ मोजणीच्या आत होता, मंगलीच्या मायचा मोजणीच्या बाहेर. एवढाच फरक. पण तो शब्द योगराजने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. काटा लाभ म्हणत नाही, काटा आकडा दाखवतो. आणि फोनवर त्याने मंगलीला शेवटचा आकडा विचारला होता. मोजताना ऐकले नव्हते.

"घोंगडी आन," तो म्हणाला.

दोघांनी पेटीपुढे डोके नेले आणि धुरपताबाईने वरून घोंगडी टाकली. आत काळोख झाला. काळोखात तो एवढासा हिरवा ठिपका. थांबला होता. मग सुरू झाला.

"लाभ," मंगली म्हणाली.

"एक," योगराज म्हणाला.

"एक."

"दोन."

"दोन."

"तीन."

एकच दिवा, आणि दोन तोंडांतून दोन मोजण्या, एकमेकींच्या मागे एक पाऊल ठेवून चाललेल्या. हिरवा ठिपका थांबला तेव्हा मंगली सहावर होती आणि योगराज सातावर. दोघेही बरोबर होते. 

"सात," योगराज म्हणाला. "सात म्हंजे मेली नाई. कार्डातली एक फाइल हरवली. तेवढीच."

"मंग मी चुकली का?"

"नाई. तू माह्या यादीपेक्षा चांगली मोजली."

"मंग इतक्या वेळ काय दोघंही आतमंदी घुसून बसले," वरून धुरपताबाईचा आवाज आला. "बाहेर या. गाव पाहून राहिलं."

पुढचे काम त्याला येत होते. त्याने कार्ड काढून लॅपटॉपला लावले. ज्या फाइलवर सगळे लिनक्स उभे राहते ती फाइल नावाला होती, पण तिच्यासमोर आकार शून्य लिहिलेला होता. घर आहे, पाटी आहे, आत माणूस नाही. त्याने आपल्या चांगल्या कार्डावरून ती फाइल तिच्या जागी उतरवली, सगळे नीट लिहून होईपर्यंत थांबला, मग कार्ड परत बोर्डात सरकवले.

पेटीचा पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरे धावू लागली. योगराजने हे शेकडो वेळा पाहिले होते आणि प्रत्येक वेळी तो श्वास धरून पाहतो. झोपेतून उठलेल्या घरधन्याने अंधारात एकेकाला हाक मारावी तसे ते असते. मेमरी आहे का, आहे. घड्याळ आहे का, आहे. कार्ड, आहे. कॅमेरा? डोळ्याच्या पापणीला जमणार नाही एवढ्या वेगात शेकडो हाका आणि शेकडो उत्तरे. तळहाताएवढ्या हिरव्या तुकड्यात एवढे मोठे कुटुंब राहते, आणि उठल्यावर पहिले काम म्हणून सगळे आपापली हजेरी देतात.

कॅमेऱ्यापाशी पडदा काळा झाला. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून.

"काऊन जी?" मंगलीने विचारले.

योगराजने बोट वर केले. तो पडद्याकडे नाही, बोर्डावरच्या लाल बत्तीकडे पाहत होता. पुन्हा हाका सुरू झाल्या, पुन्हा कॅमेऱ्याची पाळी आली, आणि नेमक्या त्या वेळी लाल बत्ती क्षणभर मिटली. लाल बत्ती विजेची असते. वीज कमी पडली की मिटते.

"उपाशी हाये," तो म्हणाला. "कॅमेऱ्याले खाऊ घालाची पाळी आली का हिलेच कमी पडते."

त्याने मीटर लावला. बॅटरीपाशी वीज पुरेशी होती, बोर्डापाशी येईपर्यंत उरत नव्हती. मधे फक्त तार होती. त्याने तार बोटांत धरली आणि मंगलीकडे पाहिले. संस्थेने दिलेली तार काळी होती, टोके मोबाईलच्या तारेसारखीच, पण चांगली जाड. ही पांढरी, शेवईसारखी.

"हे वायर माह्या पेटीची नाई."

मंगलीने तार पाहिली. तिने शेजारी पाहिले. धुरपताबाईची टोपली एकदम फार वेगात विणली जाऊ लागली.

"काकी," मंगली म्हणाली.

"काय काकी काकी? पांढरी दिली ना मी बदल्यात. नवी होती. त्या जाड्या वायरनं मोबाईल जल्दी भरते, जावई म्हने."

"कधी नेली?"

"बुधवारी. तू रोपवाटिकेत होती. मले काय माहीत याले जाडच लागते? मोबाईलले बारीक चालते, त्याले काऊन नाई?"

"तुमी बारीक पान्हाळीनं वावर भिजवान का?" योगराज म्हणाला. "मडका भरते बारीकनं. वावर नाई."

धुरपताबाईला ते पटले. तिने टोपली बाजूला ठेवली, घरात गेली आणि काळी तार घेऊन आली. ती देताना म्हणाली, "बुधवारपासून मोबाईल खरंच जल्दी भरे हो." आणि थोड्या वेळाने, कुणाकडेच न पाहता, "अस्वल निंगालं असतं तं माह्याच नावानं बोंब झाली असती."

तिच्याकडे पाहून मंगली म्हणाली, "जावयाच्या नावानं. बसा आता."

बुधवारी तार बदलली गेली, पेटी रात्रभर पडत-उठत राहिली, गुरुवारी पहाटे मुख्य फाइलची नवी प्रत कार्डावर लिहीत असताना भुकेने मध्येच कोसळली, आणि लिहायला घेतलेली फाइल कोरी राहिली. योगराजने ते वहीत लिहिले. मग काळी तार लावली. हाका सुरू झाल्या. कॅमेरा, आहे. लाल बत्ती मिटली नाही. दारावरचा हिरवा दिवा लागला, आणि दुपारच्या उजेडात तो फार दिसतही नव्हता, तरी तिघेही अंगणात जाऊन पाहून आले.

त्याने टीनाला फोन लावला. फॉर्मवर सही होणार नाही म्हणून सांगितले, आणि मग चिंचोक्यांचे सांगितले. पहिला बाजूला, मग एक.

टीनाने ते दोनदा सांगायला लावले. 

"काका," ती म्हणाली, "आम्हीही असंच मोजतो."

"कोन तुमी?"

"कॉम्प्युटरवाले. मशीन आत एकपासून मोजत नाही. पहिल्याला शून्य म्हणते. दुसऱ्याला एक. तुम्ही स्क्रीनवर कार्डाचं नाव पाहता ना, त्यात आकडा असतो बघा."

योगराज लॅपटॉपकडे वळला. कार्डाचे नाव पडद्यावर होते. त्यात शून्य होते. कार्ड एकच, आणि त्याचा आकडा शून्य. सहा वर्षे तो ते शून्य वहीत उतरवत होता, सुडोच्या पुढे, नीट गोल काढून, आणि कधी विचारले नव्हते की पहिल्याला शून्य का. त्याने पेटीकडे पाहिले. मग कोनाड्याकडे. दोन बोटे अंतर सोडून ठेवलेला पहिला चिंचोका. या बोर्डाच्या पोटात, क्षणाला कोटी कोटी वेळा, कुणीतरी पहिला बाजूला काढून ठेवत होते. तो ज्यांनी बनवला त्यांनी मंगलीची माय पाहिली नव्हती. तिने वीजही पाहिली नसेल.

"काका? आहात ना?"

"हाव," योगराज म्हणाला. "हाव बेटा. ठेवतो."

रात्री तो तिथेच राहिला. पेटी एक रात्र चाललेली पाहिल्याशिवाय तो गाव सोडत नाही. पहाटे जाग आली ती बायकांच्या कुजबुजीने. सपरीत दहा-बारा जणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या आणि कुणी निघत नव्हती. दारावरचा दिवा लाल होता.

योगराज पडद्यापाशी गेला. कॅमेऱ्याच्या करड्या चित्रात मोहाचे झाड होते, जमिनीवर फुलांचे ठिपके, आणि त्या ठिपक्यांत मान खाली घालून एक मोठे काळे अंग. ते घाईत नव्हते. वेचत होते, दोन पावले सरकत होते, पुन्हा वेचत होते. मंगली त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. ती पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही फार नव्हती.

"खाऊ द्या त्याले," ती मागे वळून बायकांना म्हणाली. "त्याचं बी घर हाये."

"पन टोपलीभर नोको खाऊ म्हना," धुरपताबाई म्हणाली.

कुणी उठले नाही. दिवा सांगेल तोवर बसायचे, हे ठरलेले होते. पूर्वेकडे उजळू लागले. काळे अंग चित्राच्या कडेला गेले, मग चित्राबाहेर. लाल दिवा आणखी थोडा वेळ राहिला, जसा विचार करत असावा, आणि मग हिरवा झाला. टोपल्या उचलल्या गेल्या. मंगली पुढे गेली, नेहमीसारखी, पण आता फक्त वाट दाखवायला.

त्या वेचून येईपर्यंत योगराजने झाकणाच्या आतल्या यादीखाली पेनाने एक ओळ लिहिली: ‘लाभ धरून मोजावे.’ मग त्याला वाटले, हे पुरे नाही. दुसऱ्या गावात दुसऱ्या मायची दुसरी मोजणी असेल. त्याने आणखी लिहिले: ‘मोजणाऱ्याला तोंडाने मोजायला सांगावे आणि ऐकावे.’ झाकण बसवून त्याने चारही स्क्रू आवळले. एकही उरला नाही.

ऊन झाडांवर आले तेव्हा बायका परतल्या. मंगलीने टोपली सपरीत टेकवली, वरचे एक फूल उचलले, जाड, पिवळसर, दव लागलेले, आणि ते पेटीच्या डोक्यावर ठेवले.

"लाभ," ती म्हणाली, आणि पुढची फुले पसरायला अंगणात गेली.

फूल पेटीच्या वरच्या भोकांवर पडले होते. तिथून आतली गरम हवा बाहेर येते. योगराजने ते दोन बोटे बाजूला सरकवले, भोके मोकळी केली, आणि फूल तिथेच राहू दिले.